बहिणीच्या ‘डीआयडी’बद्दल विचारलंत, म्हणून सविस्तर

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. बहीण 26 वर्षांची, डॉक्टरांनी डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर (डीआयडी, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं, वेगळे ‘भाग’ असणं) सांगितलाय, सोबत डिप्रेशन, आठवड्यातून दोन-तीनदा झटके, डोकं-पोट सतत दुखतं आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. संमोहन करून लहानपणचं सगळं एकदाच बाहेर काढलं तर लवकर बरी होईल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या बायकोला हाच आजार आहे. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावातून संभाजीनगरला उपचाराला जातोय, सातवं वर्ष चालू आहे. हात जोडून सांगतो, आठवणी उकरायची घाई करू नका.

आम्ही ती केली. पहिल्या वर्षी एका समुपदेशकानं तिसऱ्याच भेटीत तिला डोळे मिटायला लावून माहेरच्या जुन्या घरात ‘नेलं’. त्या रात्रीपासून झटके दिवसाला चार-पाच झाले, जेवण सुटलं, जगायचं नाही म्हणायला लागली. शिवाय संमोहनात न घडलेलंही घडल्यासारखं वाटू शकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नंतरच्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. त्यांनी दीड वर्ष जुन्या गोष्टींना हातच लावला नाही. झोप, जेवण, झटक्याआधीची खूण ओळखणं. भान सुटायला लागलं की पाय जमिनीवर दाबायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, आज वार कोणता ते म्हणायचं. एवढंच. एवढ्यासाठी एसटीचं भाडं घालायचं का, असं मला वाटायचं. पण या थेरपीचा पायाच तो आहे. आधी सुरक्षितता, मग आघातावर काम, मग वेगळे पडलेले भाग एकमेकांशी जुळवून रोजचं जगणं, असे तीन टप्पे असतात आणि त्यांत मागेपुढे होत राहतं. आमचा दुसरा टप्पा सुरू झाल्यावरही ती दोनदा पहिल्यावर आली. वर्षं लागतात, दादा.

बायकोच्या या भागांत एक लहान मुलगी आहे, आणि एक फार चिडकी आहे. आमच्या गावात लोक बाहेरचं झालंय म्हणाले, उतारे झाले, अंगारे झाले. मी स्वतः त्या चिडकीला ‘निघून जा’ म्हणून ओरडलोय, त्याची आजही लाज वाटते. लहानपणी सोसवत नव्हतं तेव्हा तिनंच बायकोला सांभाळलं होतं. मॅडमनी एक वही ठेवायला लावली, ज्या भागाला जे सांगायचं ते त्यानं त्यात लिहायचं. सुरुवातीला अक्षरं वेगवेगळी, एकमेकींवर राग. हळूहळू ‘उद्या बँकेत जायचंय, झटका येऊ देऊ नका’ अशी वाक्यं यायला लागली. मधला वेळ गळून जाणं, म्हणजे मधलं काहीच न आठवणं, त्यानंतरच कमी झालं.

शरीराचं दुखणं खरं असतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नाटक, असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. मात्र झटक्यांसाठी काढलेला ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) एकदा नॉर्मल आला म्हणून मिरगी नाहीच असंही ठरत नाही, आणि काहींना मिरगीचे आणि मनाच्या ताणाचे असे दोन्ही झटके असतात. मेंदूच्या डॉक्टरांना झटक्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवा. झटका आला की कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, शांत आवाजात तिचं नाव घेऊन ती कुठे आहे ते सांगा. कांदा, चप्पल हुंगवणं, थोबाडीत मारणं अजिबात नाही. पाच मिनिटांच्या वर गेला किंवा श्वासाला त्रास दिसला तर 108 ला फोन करा.

गोळ्यांचं म्हणाल तर डीआयडीवर अशी गोळी नाही. डिप्रेशनची गोळी डिप्रेशनसाठी, आणि ती लागते, कारण मन एवढं खचलेलं असताना थेरपीला बसायची ताकदच नसते. मनाने बंद करू नका. दिवसापुरत्याच गोळ्या तिच्या हातात द्या. आणि फवारणीचं औषध घरात, गोठ्यात कुठेच ठेवू नका, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. हे आजच करा. मरणाचं बोलली तर एकटी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं.

सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारायला संकोच नको. खाजगी फी झेपत नसेल तर तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी जा. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातही मानसोपचार विभाग आहे.

लग्न लावलं की सुधारेल, असं तुमचे काका म्हणतात. माझा याला साफ विरोध आहे. नवं घर, नवी माणसं, आणि बंद खोलीत काय होईल याची भीती, हे तिच्यावर आत्ता लादू नका. मी नवरा म्हणून हे सांगतोय. आमच्या पहिल्या दोन वर्षांत तिनं काय सोसलं ते मला फार नंतर कळलं.

शेवटी तुम्ही विचारलंय, ती लहान मुलीसारखं बोलायला लागली की काय करू. नाव-गाव विचारून उलटतपासणी घेऊ नका, गंमत म्हणून कुणाला दाखवू नका. मी थोड्या अंतरावर बसतो, हात लावू का असं आधी विचारतो. दार उघडं आहे, आता तू मोठ्या घरात आहेस, इथे कुणी मारत नाही, एवढं सांगतो आणि चहा ठेवतो. बहुतेक वेळा चहा गाळेपर्यंत बायको परत आलेली असते, आणि किती वाजले ते विचारते.