ड्रायव्हरमध्ये टाइमआउट, सुरुवातीला एवढंच सांभाळ

अरे, पहिल्याच ड्रायव्हरला टाइमआउटचा, म्हणजे डिव्हाइसची वाट किती वेळ बघायची याचा, विचार करतोयस हे फार छान, बरेच जण बोर्ड हँग झाल्यावरच करतात. लिनक्सपुरतं सांगतो.

डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये 'रेडी' बिट येईल म्हणून नुसता व्हाइल लूप फिरवत बसू नकोस, केबल सुटली की तो बिट कधीच येत नाही आणि कोअर तिथेच अडकतो. लूपचे फेरे मोजणंही नको, प्रोसेसर बदलला की वेळ बदलते. कर्नलमधलं रीडएल_पोल_टाइमआउट वापर, ते ठरलेल्या वेळेपर्यंत रजिस्टर पुन्हा पुन्हा वाचतं, ते वेळ संपल्यावर रजिस्टर आणखी एकदा वाचून मगच एरर देतं. फक्त स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारं कुलूप) धरलेला असेल किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) असशील तर त्याचं अ‍ॅटॉमिक रूप घे, कारण तिथे झोपायला, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबायला, परवानगी नाही.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउटने (काम झाल्याच्या इशाऱ्याची वाट बघणारं फंक्शन) शून्य दिलं म्हणजे वेळ संपली, यश नव्हे!
- त्याला वेळ जिफीजमध्ये, म्हणजे कर्नलच्या टायमर टिकमध्ये, लागते. नुसतं १०० लिहिलंस तर एचझेड (सेकंदाला किती टिक) १००० असताना १०० मिलीसेकंद, २५० असताना ४००. मिलीसेकंदांचे जिफीज करायला एमसेक्स_टू_जिफीज लाव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाइमआउट झाला म्हणजे डिव्हाइस थांबलं असं नाही. मी एकदा टाइमआउटनंतर लगेच बफर सोडला आणि उशिरा आलेल्या डीएमएने (डिव्हाइस थेट मेमरीत लिहितं ते) दुसऱ्याच कोणाच्या मेमरीत लिहिलं, तीन रात्री शोधत होतो, सापडलं तेव्हा इथे इंदूरला पोह्यांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. आधी ट्रान्सफर थांबव, मग बफर सोड.

रिट्राय, वर्कक्यू वगैरे नंतर बघू. आज केबल हाताने काढ, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) काय येतं ते सांग, आणि राजवाड्याकडे येणार असशील तर बोर्ड घेऊनच ये.