बल्ब आत्ता लावायचे की मार्चमध्ये? वाचकांचे प्रश्न

दसरा झाला की परदेशातल्या वाचकांच्या मेलमध्ये ट्युलिप-डॅफोडिल सुरू होतं. यंदाही तेच, म्हणून हा अख्खा कॉलम बल्बवरच, म्हणजे या फुलांच्या कंदांवर.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, यंदाच घर घेतलंय. ट्युलिप आणि डॅफोडिलच्या बल्बची मोठी पिशवी आणलीये. सासूबाई भारतातून आल्यात, त्या म्हणतात आत्ता लावलेस तर बर्फात कुजून जातील, मार्चमध्ये लाव. कोणाचं ऐकू?

उत्तर : सासूबाईंना दुखवू नका, पण बल्ब आत्ताच लावा. आपल्याकडच्या हिशोबाने त्या बरोबरच बोलतायत, हळद म्हणा निशिगंध म्हणा, कंदाला ऊब आणि पाणी मिळालं की तो फुटतो. ट्युलिपचं नेमकं उलटं. त्याचं मूळ मध्य आशियातल्या डोंगरात, तिएनशानच्या बाजूला, तिथे हिवाळा कडाक्याचा आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यामुळे साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंश सेल्सियसच्या खालची थंडी मिळाल्याशिवाय ते नीट फुलतच नाही. त्या काळात आतल्या स्टार्चची साखर होते आणि दांडा लांब व्हायची तयारी होते. थंडी अपुरी पडली की फूल पानांच्या बुडाशीच अडकून बसतं नाहीतर आतल्या आत सुकतं. मार्चमध्ये लावलेत तर बहुतेक हेच होईल.

सासूबाईंना पटवायचंय? एक ट्युलिपचा बल्ब बळी द्या. टोकापासून बुडापर्यंत उभा चिरा आणि मधोमध नीट बघा, बोटाच्या पेराहूनही लहान, फिकट पिवळं-हिरवं फूल आत तयार बसलेलं दिसेल, पाकळ्या, पुंकेसर, सगळं. ते उन्हाळ्यातच बनून तयार असतं, म्हणजे यंदाच्या फुलाची मेहनत शेतकऱ्याने करून ठेवलीये, आपण फक्त थंडी आणि पाणी द्यायचं. (चिरलेला बल्ब कचऱ्यात, आणि चिरताना हातमोजे घाला, काहींच्या बोटांना खाज सुटते.)

तुमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. माती साधारण 55 फॅरनहाइटच्या खाली गेली की सुरू करा, आधी डॅफोडिल कारण त्याला मुळं धरायला जास्त वेळ लागतो, ट्युलिप नंतर लावले तरी चालतात. खोली बल्बच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे दोन्हींना 6 ते 8 इंच, टोक वर. टोक कुठलं ते कळत नसेल तर आडवा ठेवून द्या, कोंब आपली वाट शोधतो. एकदा भरपूर पाणी द्या आणि विसरून जा. कुजण्याची भीती थंडीची नाही, साचलेल्या पाण्याची आहे, त्यामुळे जिथे पावसाचं डबकं होतं तिथे लावू नका.

अजून एक, ती पिशवी किचनमध्ये कांद्यांच्या टोपलीजवळ ठेवू नका. डॅफोडिलचा बल्ब विषारी असतो आणि दिसतो अगदी कांद्यासारखा, घरात स्वयंपाकाला दोन हात असले की घोळ व्हायला वेळ लागत नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा डच लोकांनी ट्युलिपचे बल्ब शिजवून खाल्ले होते हे खरं, पण ते ट्युलिपचे आणि नाइलाज म्हणून.

प्रश्न : कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून लिहितोय. गेल्या वर्षी खारींनी सगळे ट्युलिप उकरून खाल्ले. मिसेस म्हणते मातीत लाल तिखट टाकू. उपयोग होईल का?

उत्तर : पहिल्या पावसापर्यंत होईल, मग परत टाका, परत पाऊस. एवढं तिखट मिसळणाच्या डब्यातच बरं! खारींना ताजी उकरलेली माती लगेच कळते, त्यामुळे लावल्यावर वरून चिकन वायर म्हणजे कोंबड्यांची जाळी आडवी पसरा, कडा मातीत दाबा, कोंब जाळीतून वर येतात. बल्बची सुटलेली सालं वाफ्यावर पडू देऊ नका, आणि दुकानदार बोनमील म्हणजे हाडांच्या चुऱ्याचं खत घ्या म्हणाला तरी घेऊ नका, त्या वासाने खारी तर येतातच, शेजाऱ्यांचा कुत्राही येतो. एवढं करूनही जमलं नाही तर सरळ डॅफोडिल आणि ॲलियम (कांद्याच्या कुळातलं फुलझाड) लावा, त्यांच्या वाटेला खारी सहसा जात नाहीत, हरणंही नाहीत. ट्युलिप बघायला मे महिन्यात ओटावाला जा. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना तिथे आश्रयाला होत्या, त्याची आठवण ठेवून 1945 मध्ये डच लोकांनी एक लाख बल्ब भेट पाठवले आणि ट्युलिप महोत्सवाची परंपरा त्यातूनच आली.

प्रश्न : आम्ही लंडनजवळ स्लावला असतो. पहिल्या वर्षी ट्युलिप मस्त आले, दुसऱ्या वर्षी फक्त एकेक रुंद पान, फूल नाही. खत कमी पडलं का?

उत्तर : खत नाही, फुलं गेल्यावर तुम्ही पानं कापली असणार. पिवळी पडायला लागली की ओंगळ दिसतात म्हणून बहुतेक जण कापतात, काही हौशी लोक तर त्यांच्या वेण्या घालून रबरबँड लावतात, तेही नको. ट्युलिपचा मूळ बल्ब दरवर्षी संपून जातो आणि त्याच्या जागी पिल्लं होतात, ती पोसायची म्हणजे फुलानंतर पाच-सहा आठवडे पानांना ऊन मिळालंच पाहिजे. उपाशी पिल्लू फक्त एकच रुंद पान काढतं, तुम्ही लिहिलंय तेच. सुकलेलं फूल मात्र लगेच खुडा, नाहीतर ताकद बी धरण्यात जाते. हॉलंडचे शेतकरी तर बल्ब जाड व्हावा म्हणून शेतातली ताजी रंगीत फुलंच मशीनने उडवतात, बघताना जिवावर येतं.

खरं सांगायचं तर आजकालचे फॅन्सी ट्युलिप, झालरवाले, डबल पाकळ्यांचे, एका वर्षाचेच पाहुणे समजा. टिकाऊ हवे असतील तर डार्विन हायब्रीड नावाचा ट्युलिपचा प्रकार किंवा छोटे जंगली जातीचे घ्या, 8 इंच खोल लावा आणि उन्हाळ्यात त्या वाफ्यावर स्प्रिंकलर फिरवू नका, तेव्हा त्यांना कोरडंच लागतं. तुमच्याकडे ट्युलिप नोव्हेंबरमध्ये लावलेले बरे, थंडीत बुरशी कमी लागते.

प्रश्न : मी पुण्याची, कोथरूडला टेरेस आहे. लेक ॲमस्टरडॅमला असते, एप्रिलमध्ये तिच्याकडे क्युकेनहॉफची बाग पाहिली आणि वेडच लागलं. डिसेंबरमध्ये ती बल्ब घेऊन येणार आहे. येतील ना?

उत्तर : काकू, वेड लागणारच, तिथे दर शरद ऋतूत सत्तर लाखांच्या आसपास बल्ब हाताने लावतात. पण लेकीला सांगा बॅगेत बल्ब टाकू नकोस. बाहेरून कंद आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणजे रोप-कंद निरोगी असल्याचा दाखला लागतो. शिवाय डिसेंबर म्हणजे उशीर झाला. पुण्याची थंडी आपल्याला स्वेटर घालायला पुरते, ट्युलिपला नाही, रात्री गारवा असला तरी दुपारी परत ऊन तापतंच. मग फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात 12-14 आठवडे ठेवायचे आणि मार्चच्या उन्हात बाहेर काढायचे, कसं जमणार!

हौस असेलच तर पुढच्या वर्षी इथल्या नर्सरीतून घ्या, सप्टेंबरच्या सुरुवातीला कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि डिसेंबरमध्ये कुंडीत लावून सावलीत ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू काहीही नको, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि बल्बमधलं फूल आतच मरतं. फुललेच तर एकदाच, नंतर कंपोस्टमध्ये.

त्यापेक्षा आत्ता ग्लॅडिओलसचे कंद लावा, डिसेंबर-जानेवारीत दांडे येतील. आणि मे फ्लॉवर लावा की हो, तो लाल चेंडूसारखा! त्याला फ्रिज लागत नाही, हिवाळाभर कुंडी कोरडी राहिली की झालं, आपल्याकडच्या अशा कंदांना थंडीच्या जागी कोरडी विश्रांती लागते. ट्युलिप बघायचेच असतील तर मार्चअखेर ते एप्रिल श्रीनगरला जा, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 पासून मोठी बाग आहे.

प्रश्न : शिकागोहून. बाळ झालं त्या गडबडीत बल्बची पिशवी गॅरेजमध्येच राहून जाणार असं दिसतंय. जानेवारीत सापडली तर फेकून देऊ का?

उत्तर : आधी बाळाचं अभिनंदन! फेकू नका आणि पुढच्या वर्षासाठीही ठेवू नका, तोवर ते सुकून जातात. दाबून बघा, टणक असेल तर जिवंत, पिचपिचीत किंवा भुसा झालेला असेल तर टाका. कुदळ चालत असेल तर तेव्हाही जमिनीत लावा, दगड झाली असेल तर खोल कुंडीत लावून न तापणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवा, माती ओलसर राहील एवढंच पाणी द्या, आणि कोंब दिसले की उजेडात आणा. फुलं उशिरा आणि जरा बुटकी येतील.