वाइनची यादी आधी मिटून ठेवा

आई-बाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस, विजयनगर भागातलं महागडं इटालियन हॉटेल, बारा पानी वाइनची यादी, त्यात आई शुद्ध शाकाहारी. काय मागवू, असं विचारलंत. मी इंदूरचाच, असल्या ठिकाणी आधी स्वतःचं हसं करून घेऊन मग शिकलेला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कियांती ही इटालियन रेड वाइन मागवली. वेटरनं घोटभर ओतली आणि उभा राहिला. मी चाखून रुबाबात म्हणालो, "आंबट आहे, बदला." बिचारा काही बोलला नाही, पण शेजारच्या टेबलावरचे काका हसले. तो घोट आवडनिवड ठरवायला नसतो, बाटली खराब नाही ना एवढंच बघायला असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तरच परत पाठवायची. कियांती सांजोवेझे द्राक्षांची, ती मुळातच आंबटसर. म्हणून तर टोमॅटोच्या सॉसबरोबर छान जाते.

तेव्हा यादी वाचत बसू नका. किमतीच्या रकान्यावर बोट ठेवून वेटरला हळूच म्हणा, "साधारण अशातली सांगा." आई-बाबांना आकडा कळत नाही, त्याला मात्र नेमकं कळतं. बारोलो या भारी इटालियन रेड वाइनच्या मोहात पडू नका. निदान अडतीस महिने मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही, वर आयातकर, म्हणजे किंमत बघूनच चढेल. बाबा एकटेच घेणार असतील तर ग्लासवर मागवा. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात, उरलेल्याचं काय करणार?

खरी काळजी आईच्या ताटाची. मेन्यूवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, तोंडानं विचारा. रिझोतो म्हणजे आपला गुरगुट्या भातच, आईला नक्की आवडेल, पण तो पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. अस्सल पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विरजण, असतं. आपल्याकडे शाकाहारी रेनेटचं चीजही मिळतं, तेव्हा कुठलं वापरलंय ते विचारा. पन्ना कोत्ता हे सायीचं गोड दिसतं खरवसासारखं, पण बहुधा जिलेटिननं धरलेलं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. तिरामिसू या कॉफीच्या गोडात अंडं, शिवाय बऱ्याचदा दारू. माझ्या मावशीनं अर्धी वाटी संपवल्यावर हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं उपास धरला. गोडाला लिंबाचं सॉर्बे, म्हणजे बिनदुधाचं आइस्क्रीम, सांगा, पण त्यातही अंड्याचा पांढरा भाग नाही ना, विचारून घ्या.

पास्ता जरा दाताला लागेल, तो कच्चा नसतो. बाबांना नकोच वाटला तर "थोडा मऊ करा" म्हणायला लाजू नका, पैसे आपण देतोय.

बिलात जेवण आणि वाइन यांच्यावरचे कर वेगवेगळे दिसतील, कारण दारू जीएसटीत येत नाही; त्यावरून काउंटरवर भांडू नका. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो. नको असेल तर काढायला सांगा आणि वेटरच्या हातात वेगळे द्या.