लिटरेचर सर्व्हेत संशोधन कुठे असतं? शंभर पेपर वाचूनही हाती काहीच का लागत नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी: केमिस्ट्रीत पीएच.डी.ला नाव नोंदवलंय, गाइड म्हणाले आधी शंभर पेपर वाचून या, तीन महिने वाचताय, वही भरली, तरी सायनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, काय लिहावं ते सुचत नाही. आणि मनात असंही आहे की खरं संशोधन प्रयोगशाळेत होतं. लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आधी छापलेलं संशोधन शोधून वाचणं, ही थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणाची नुसती भरती.

मी बडोद्यात बत्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. पीएच.डी. करताना माझाही हाच समज होता आणि त्यापायी माझे आठ महिने गेले. तेच आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं.

माझा विषय पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढणं. उत्तर गुजरातेत बोअरच्या पाण्यात ते बऱ्याच ठिकाणी जास्त असतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा. त्याच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं धरतात. ते काढायला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना वापरतात. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिना किती फ्लोराइड धरून ठेवतो, याचा एक आकडा मी वाचलेल्या पाच पेपरांत सारखाच होता. पाच जण सांगतात म्हणजे पक्काच, असं धरून मी कॉलमचं, म्हणजे अ‍ॅल्युमिना भरलेल्या नळीचं, गणित बसवलं. बोअरचं पाणी सोडलं की कॉलमची फ्लोराइड धरायची ताकद हिशेबापेक्षा कितीतरी आधी संपायची. पॅकिंग बदललं, पाण्याचा वेग कमी केला, नवा डबा फोडला. काही फरक पडला नाही.

माझे आजोबा इथल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामावर होते. ती आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत निघाली. देशभरातून वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या मिळवायच्या आणि एकेक श्लोक अक्षर-अक्षर ताडून पाहायचा, हे त्यांचं काम. मोठ्या कागदावर चौकटी आखलेल्या असत. वरच्या ओळीत मूळ धरलेला पाठ, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीची एक ओळ, आणि जिथे पाठ वेगळा तेवढंच अक्षर भरायचं, बाकी चौकट कोरी. एका रात्री जेवताना मी कॉलमचं रडगाणं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाच जण सांगतात, पण पाचांनी मोजलंय का? का एकाच पोथीच्या पाच नकला आहेत?"

दुसऱ्या दिवशी मी पाचही पेपरांचे संदर्भ समोर मांडले. पाचव्याने चौथ्याचा हवाला दिला होता, चौथ्याने दुसऱ्याचा, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने पहिल्याचा, आणि पहिल्याने एका जुन्या परदेशी पेपरचा. मोजणारा एकच होता. तेव्हा इंटरनेट नव्हतं. लेखकाला पोस्टकार्ड टाकून रीप्रिंट, म्हणजे पेपरची छापील प्रत, मागवायचं आणि वाट बघायची, ही रीत. अडीच महिन्यांनी खाकी पाकीट आलं. त्यात तो आकडा होता, पण खाली बारीक अक्षरात अटी होत्या: डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलेलं सोडियम फ्लोराइड, पीएच ५ च्या आसपास म्हणजे आम्लधर्मी, आणि सुरुवातीची तीव्रता आपल्या बोअरच्या पाण्यापेक्षा खूपच जास्त. आपलं पाणी अल्कधर्मी, त्यात बायकार्बोनेट भरपूर. हायड्रॉक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही अ‍ॅल्युमिनावरची जागा अडवतात. आकडा खोटा नव्हता. नकला होता होता त्याच्या अटी गळून पडल्या होत्या. माझ्या थिसिसचा प्रश्न त्या दुपारी ठरला: बायकार्बोनेट असताना नेमकं काय होतं? तो मला प्रयोगशाळेत सापडला नव्हता, सर्व्हेत सापडला.

आजोबांच्या त्या प्रश्नाची पुढे कुणी मोजणीही केली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे संदर्भ तपासले. सुमारे ४,३०० संदर्भांपैकी १९६ मध्ये छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पृष्ठ क्रमांकातली एकच चूक ७८ वेळा आली होती. इतक्या जणांच्या हातून स्वतंत्रपणे तीच चूक होणं शक्य नाही. ती यादीवरून यादीत उतरली. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ पेपर वाचतात. दोन पोथ्यांत एकच चूक दिसली की त्या एकाच घराण्यातल्या, हा पोथीवाल्यांचा जुना नियम. तोच इथे चालला.

आता तुमच्या वहीकडे येते. माझा अंदाज आहे की तुम्ही पेपरवार नोट्स काढल्या आहेत: अमुकने असं केलं, तमुकने तसं. त्या वाचून काहीच सुचणार नाही, कारण पेपर एकमेकांशी बोलतच नाहीत. तक्ता करा. आडव्या ओळीत पेपर, उभ्या रकान्यात प्रश्न: काय मोजलं, कशात मोजलं, कोणत्या तापमानाला, किती नमुने, आकडा स्वतः मोजलेला की उसना. शेवटचा रकाना सोडू नका. पंचवीस पेपर असे भरलेत की दोन गोष्टी दिसू लागतील: एकाच प्रश्नाची दोन उत्तरं कुठे येतात, आणि कुठला रकाना सगळ्यांचाच कोरा आहे. सायनॉप्सिस तिथून निघतो. शंभर हा आकडा मनातून काढा, पण गाइडशी त्यावरून वाद घालू नका, तक्ता दाखवा.

दुसरं, शोधाची नोंद. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकले, किती पेपर आले, किती ठेवले, किती सोडले आणि का. वैद्यकात यासाठी प्रिझ्मा नावाची ठरीव पद्धत २००९ पासून आहे, पुढे 'प्रिझ्मा २०२०' या नावाने ती सुधारली. तिचा सगळा पसारा तुम्हाला लागणार नाही, पण तत्त्व लागेल: दुसऱ्याने तुमच्या नोंदीवरून तोच शोध घेतला तर तेच पेपर मिळाले पाहिजेत. प्रयोगाला आपण हीच अट घालतो ना? मग सर्व्हेला पद्धत का म्हणू नये?

शब्दांपाशी थांबा. 'फ्लोराइड रिमूव्हल' टाकलं की एक ढीग येतो, 'डिफ्लोरिडेशन' टाकलं की दुसरा, आणि दोन्हीत नसलेले कितीतरी पेपर नुसते 'अ‍ॅड्सॉर्प्शन'खाली (म्हणजे पृष्ठभागावर पदार्थ धरून ठेवणं) पडलेले असतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत फ्लोराइड काढायची तुरटी आणि चुन्याची जी पद्धत तयार झाली ती नालगोंडा या गावाच्या नावाने 'नालगोंडा टेक्निक' म्हणून ओळखली जाते; ते नाव माहीत नसेल तर शोधताना ती निसटू शकते. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला आठवडा फक्त समानार्थी शब्दांची यादी करायला लावत असे.

आणि जुनं टाळू नका. 'गेल्या पाच वर्षांतलेच पेपर घ्या' हा सल्ला सर्रास मिळतो, मला तो अजिबात मान्य नाही. २००१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हुंगायला दिलं. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि ती गेली. प्रयोगाआधी साहित्य शोधलं होतं, पण ज्या डेटाबेसमध्ये शोधलं तो १९६६ च्या मागे जात नव्हता. या औषधाने फुप्फुसांना इजा होते, हे १९५० च्या दशकातल्या पेपरांत छापलेलं होतं. शिकवताना दर वर्षी मी हे सांगत असे, आणि दर वर्षी वर्गात शांतता पसरायची.

नुसत्या वाचनातून नवं ज्ञान निघतं का, हे तुम्ही विचारलं नसलंत तरी प्रश्नात ते दडलेलं आहे. निघतं. शिकागोच्या डॉन स्वान्सन यांनी १९८६ मध्ये दोन वेगळे ढीग शेजारी ठेवले. एकात माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो असं होतं. दुसऱ्यात रेनॉडच्या आजारात, म्हणजे थंडीने बोटं पांढरी पडतात त्यात, रक्त दाट असतं असं. दोन्ही ढिगांतले लोक एकमेकांचे संदर्भ देत नव्हते. माशाचं तेल या आजारात उपयोगी पडेल, असं त्यांनी एकही प्रयोग न करता मांडलं. पुढे चाचणीत त्याला पुष्टी मिळाली.

तुमच्याकडे साधनं माझ्यापेक्षा खूप आहेत. आम्ही केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सचे, म्हणजे पेपरांच्या सारांशांच्या सूचीचे, जाडजूड खंड उपसत असू. तुम्हाला देशभरातले थिसिस 'शोधगंगा'वर घरबसल्या दिसतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय. तुमचं विद्यापीठ सरकारी असेल तर सुमारे १३,००० जर्नल त्यातून उघडतात. ग्रंथपालांना भेटा, लॉगिन करून घ्या. चॅटबॉटने दिलेला संदर्भ मात्र मूळ पेपर उघडून पाहिल्याशिवाय तक्त्यात चढवू नका. नसलेले पेपरही तो खात्रीने सांगतो.

कधी थांबायचं? शब्द बदलून शोधलं, चांगल्या पेपरांच्या संदर्भयादीतून मागे गेलात, त्यांचा संदर्भ देणाऱ्यांतून पुढे आलात, आणि तरी ओळखीचेच पेपर येऊ लागले की थांबा. थिसिस जमा करायच्या महिनाभर आधी तोच शोध, त्याच शब्दांनी, पुन्हा एकदा चालवा. नोंद ठेवली असेल तर एका दुपारचं काम आहे.