आडनावातले गाव शोधताना
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझ्या आईची एक बालमैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी (ज्यू) समाजातली, होती. १९६०च्या दशकात ते कुटुंब इस्रायलला गेले, तरी दोघींचा पत्रव्यवहार आईच्या अखेरपर्यंत चालू होता आणि तो सगळा मराठीत होता. आता त्या मावशींची नात, तिचे यजमान आणि तेरा व सोळा वर्षांची दोन मुले जानेवारीत सहा दिवसांसाठी मुंबईला येत आहेत. आजीचा मुलूख पाहावा, थोडी डोंगरभटकंती व्हावी आणि एखादा दिवस सेवेच्या कामात घालवावा, अशी तिची इच्छा आहे. मला यातले फारसे काही माहीत नाही. आराखडा कसा करावा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नकाशा उघडण्याआधी आपण त्या ताईंना एकच गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे आजीचे माहेरचे आणि सासरचे आडनाव. बेने इस्रायलींची बहुतेक आडनावे कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर, दिवेकर, राजपूरकर, घोसाळकर ही नुसती वाचत गेले तरी आजच्या रायगड जिल्ह्याचा अर्धा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्रपटांतून सर्वांच्या परिचयाचे झालेले डेव्हिड यांचे आडनाव चेऊलकर होते आणि ते चेऊल म्हणजे आपले चौल. परदेशात गेल्यावर काही कुटुंबांनी आडनावे बदलली, त्यामुळे नातीच्या पारपत्रावर कदाचित ते नसेल. परंतु आपल्या आईच्या जपून ठेवलेल्या पाकिटांवर पाठवणाऱ्याचे नाव नक्की असेल. सहलीची सुरुवात त्या पाकिटांपासून करावी, असे मी सुचवेन.

सहा दिवस रविवार ते शुक्रवार असे धरावेत. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि तो शनिवारी रात्री संपतो. त्या काळात धार्मिक यहुदी वाहनाने प्रवास करत नाहीत आणि प्रार्थनामंदिरे पाहुण्यांना हिंडून दाखवण्यासाठी नसतात. म्हणून शनिवार मोकळा ठेवून शुक्रवारच्या सायंप्रार्थनेने शेवट करावा.

रविवारी मुंबई. पुष्कळ जण काळा घोड्यापासून आरंभ करतात, कारण तिथले १८८४ सालचे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) देखणे आहे आणि २०१९ साली त्याचे काळजीपूर्वक जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले आहे. ते अवश्य पाहावे, पण नंतर. ते सिनेगॉग, भायखळ्याचे १८६४चे मागेन डेव्हिड, ससून गोदी, डेव्हिड ससून ग्रंथालय हा सारा बगदादहून आलेल्या ससून घराण्याचा आणि त्यांच्या समाजाचा वारसा आहे. तो भव्य आहे, पण आपल्या पाहुणीच्या आजीचा नाही. तिच्या आजीची मुंबई मशीद बंदर स्थानकाच्या बाहेर सुरू होते. बेने इस्रायली मराठीत प्रार्थनामंदिराला पूर्वापार ‘मशीद’ म्हणत आले आणि स्थानकाचे नाव इथल्या त्यांच्या जुन्या मशिदीवरूनच पडले, असे मानले जाते. ही जुनी मशीद म्हणजे १७९६ साली उभे राहिलेले ‘शआर हारहमीम’, दयेचे द्वार. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सॅम्युअल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन असे त्यांनी मनाशी ठरवले आणि सुटून आल्यावर ते बांधले, अशी कथा समाजात सांगितली जाते. गल्लीला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात. रविवारी घाऊक बाजाराची वर्दळ कमी असल्याने हातगाड्या चुकवत चालावे लागत नाही. तेथून पुढे भायखळा, जेकब सर्कलजवळचे तिफेरेथ इस्रायल आणि दुपारनंतर काळा घोडा, हा क्रम सोयीचा पडेल. वाटेत वरळीच्या डॉ. ई. मोझेस मार्गाची पाटी दिसली, तर १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस बेने इस्रायली होते, हे मुलांना सांगावे. आपण त्या रस्त्याने वर्षानुवर्षे जातो आणि मोझेस कोण, हे विचारत नाही.

सोमवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट धरावी. मोटारीसह जाता येते आणि तासाभरात पलीकडे उतरता येते. पहिला मुक्काम नवगाव, किहीम आणि थळ यांच्यामधले. परंपरा अशी सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि समुद्राने परत दिलेली प्रेते इथेच पुरण्यात आली. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि पाहुण्यांना ही कथा परंपरा म्हणूनच सांगावी; परंतु त्या दफनभूमीत उभे राहिल्यावर तारखेचा वाद फारसा आठवत नाही. वाचलेले लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. धर्मग्रंथ बोटीबरोबर गेले, तरी शनिवार, सुंता, मासळीचा विधिनिषेध आणि ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना त्यांनी टिकवली. बाकी सगळे कोकणी झाले, अगदी सणांची नावेसुद्धा. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण ही नावे पाहुणीने आजीच्या तोंडून कदाचित ऐकली असतील. आपण उच्चारून पाहावीत.

अलिबागेत इस्रायल आळीतले मागेन आबोथ सिनेगॉग १८४८चे असून आजची इमारत १९१०ची आहे. रेवदंड्याचे बेथ एल १८४२चे. मंगळवार रेवदंडा, चौल आणि आडनावातले गाव यांसाठी राखून ठेवावा. गावात काही दिसेलच असे नाही. कदाचित एक विहीर आणि एखादे वृद्ध गृहस्थ, ज्यांना ‘तेल्यांची घरे इकडे होती’ एवढेच आठवत असेल. माझ्या मते या सहलीतला सर्वांत मोलाचा दिवस हाच ठरेल आणि या दिवशी दुभाषा म्हणून आपली गरज सर्वाधिक लागेल.

बुधवार डोंगराचा, आणि इथे योग मोठा जुळून आला आहे. अलिबाग–पेण रस्त्यालगत खंडाळे नावाचे गाव आहे (लोणावळ्याजवळचे खंडाळा नव्हे). या गावाजवळच्या एका खडकावर संदेष्टा एलियाहू याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी बेने इस्रायलींची श्रद्धा आहे. त्याला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात आणि हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत, लोक तिथे मलिदा घेऊन येतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि सोबत फळे असा हा मलिदा असतो. आणि याच खंडाळ्याहून सागरगडाची पायवाट सुटते. पहाटे निघून सिद्धेश्वराच्या देवळापाशी विसावा घ्यावा. पावसाळ्यात गाजणारा तिथला धबधबा जानेवारीत बहुतेक कोरडा असतो, त्याची निराशा मुलांना आधीच सांगून ठेवावी. पुढे माचीवरची वस्ती ओलांडून गडावर पोहोचायला अडीच-तीन तास लागतात. हा गड १६६५च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या किल्ल्यांपैकी एक आहे. टोकावरून वानरटोकाचा सुळका आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यातले किल्लेही दिसतात. माथ्यावर सावली कमी असल्याने माणशी तीन लिटर पाणी घ्यावे आणि उतरताना टाप्यावर जावे.

आता सेवेविषयी, आणि येथे मी थोडा परखड होतो. पाहुण्यांना एका दिवसासाठी शाळेत किंवा वस्तीत नेऊन मुलांबरोबर छायाचित्रे काढण्याने त्या मुलांचे काही भले होत नाही. गुरुवारी त्यापेक्षा एखाद्या ज्यू दफनभूमीत विश्वस्तांच्या लेखी परवानगीने थडग्यांवरील लेखांची नोंद करावी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी शिळांवर हिब्रूच्या खाली मराठी मजकूर आहे. बाहेरून येणारे अभ्यासक हिब्रू वाचतात आणि मराठीपाशी अडखळतात, तर आपले लोक मराठी वाचतात आणि हिब्रूपाशी थांबतात. आपल्या गटात दोन्ही भाषा आहेत, ही दुर्मीळ गोष्ट आहे. नाव, आडनाव, गाव, दोन्ही कालगणनांतील तारीख आणि शिळेची जागा अशी वही करावी आणि तिची एक प्रत विश्वस्तांना द्यावी. शिळा मऊ ब्रश आणि साध्या पाण्याखेरीज कशानेही घासू नये. आम्ल, तारेचा ब्रश, खडूची पूड हे सर्व वर्ज्य. माझ्या हातून पूर्वी एकदा उत्साहाच्या भरात नारळाच्या काथ्याने घासताना एका मऊ दगडाचा पापुद्रा निघाला आणि त्याबरोबर एका बाईचे अर्धे नावही गेले. ते अजून टोचते. अक्षरे पुसट असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा आरशाने बाजूने प्रकाश पाडून छायाचित्र घ्यावे, ती आपोआप उठून दिसतात.

सायंकाळी वेळ उरला तर समाजातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडे, पूर्वसूचना देऊन, कीर्तनाची पदे ध्वनिमुद्रित करावीत. योसेफाची आणि मोशेची आख्याने साकी-दिंडीत गाणारी मंडळी आता थोडी राहिली आहेत.

प्रश्न : सिनेगॉगमध्ये आम्हा इतरांना प्रवेश असतो का? काय पाळावे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : असतो, पण पूर्वसंमतीने. नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे, म्हणून छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ असावे आणि मोठ्या पिशव्या नेऊ नयेत. पुरुषांनी डोके झाकावे, स्त्रियांनी खांदे व गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. पादत्राणे काढायची का, हे दारातल्या सेवकाला विचारावे. आपल्या सवयीने काढूनही ठेवू नयेत आणि घालून आतही शिरू नये. चौकटीवरच्या मेझुझाला (धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेल्या लहान डबीला) इतर लोक हात लावून बोटे ओठांशी नेतात, ती कृती अनुकरण म्हणून करण्याची गरज नाही. शब्बाथला छायाचित्र मागू नये, कारण नकार देणाऱ्याला उगाच संकोच होतो. दफनभूमीत फुलांऐवजी थडग्यावर लहानसा खडा ठेवण्याची आणि बाहेर पडताना हात धुण्याची रीत आहे.

प्रश्न : अशा पाहुण्यांना अलिबागेत जेवायला काय द्यावे? आमच्याकडे कोळंबीशिवाय पाहुणचार होत नाही.
– एक वाचक, चेंढरे

उत्तर : कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या मात्र टाळाव्या लागतील, कारण पर आणि खवले असलेलीच मासळी त्यांना चालते. पापलेट, रावस चालेल. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणूनच बेने इस्रायली घरांत मटणात दह्याऐवजी नारळाचे दूध घालतात. मांसाचा प्राणी कसा कापला, यालाही नियम असल्याने बाहेरचे मटण-कोंबडी न देणेच बरे. किती काटेकोर पाळतात हे घराघरांत वेगळे असते, तेव्हा आधी विचारावे आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे नवीन भांडी घ्यावी लागली तरी कुरकुर करू नये. वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि पांढरा कांदा यांना कुठलाच अडसर नाही. जानेवारीत शेतावर पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत) लागतेच. मडके नवीन घ्यावे, भांबुर्ड्याचा पाला भरपूर घालावा, आत फक्त वालाच्या शेंगा, बटाटे आणि रताळी ठेवावीत आणि कोंबडी दुसऱ्या मडक्यात, आपल्यापुरती, वेगळ्या आगीवर लावावी.