दंतकथेला दात कोठून आले?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे. इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या ‘टोस्का’ या ऑपेराच्या, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाच्या, शेवटी नायिका रोममधील सांत आंजेलो किल्ल्याच्या तटावरून उडी घेऊन जीव देते. एका प्रयोगाला म्हणे रंगमंचावरच्या कामगारांनी तटामागे गादीऐवजी ट्रँपोलिन ठेवले आणि मेलेली नायिका पुनःपुन्हा उसळून प्रेक्षकांना दर्शन देत राहिली. इंग्रजीत अशा गोष्टीला ‘अर्बन लेजंड’ म्हणतात, तर मराठीत ‘शहरी दंतकथा’ म्हणावे काय?

दंतकथा म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे, किंवा ठाऊक होते असे म्हणू. अलीकडेच सोलापुरातील एका कार्यक्रमात निवेदकाने पहिल्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठ गायिकेची ओळख ‘संगीतक्षेत्रातील जिवंत दंतकथा’ अशी करून दिली. त्या बाई खोट्या की त्यांचे गाणे खोटे, एवढेच विचारायचे राहिले. इंग्रजी ‘लेजंड’ला कीर्तिवंत माणूस हाही अर्थ आहे, मराठी दंतकथेला तो नाही. ‘दिग्गज’ हा शब्द काय झिजला होता?

‘शहरी आख्यायिका’ सुचविणाऱ्यांनी अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडावा. ‘आख्यायिकोपलब्धार्था’ असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे जिचा विषय आधीपासून माहीत असतो, ती आख्यायिका. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ खऱ्या राजाचे म्हणून ती आख्यायिका आणि त्याचीच ‘कादंबरी’ कल्पित म्हणून ती कथा, असा भेद जुने लोक याच आधारावर करीत. त्याच कोशात ‘किंवदन्ती जनश्रुतिः’ हेही आहे, आणि आपल्याला हवा असलेला शब्द तोच. ‘किम्’ म्हणजे काय आणि ‘वद्’ म्हणजे बोलणे. लोक काय बोलतात ते. मराठीने त्यातील ‘किं’ गाळून ‘वदंता’ ठेवली. सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमागाच्या गाळ्यावर चादरी घेण्यासाठी गेलो असता मालक फोनवर तेलुगूत कोणाला तरी दटावत होते आणि त्या धबडग्यात ‘वदंती’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला. सूत महागणार असल्याची कंडी कोणीतरी पिकविली होती. शेजारी बसलेले कन्नड भाषिक गृहस्थ म्हणाले, “आमच्यातही वदंतीच म्हणतात.” तीन भाषा, एक शब्द, आणि आपण मात्र इंग्रजीचे भाषांतर करीत बसलो आहोत.

आता माझे मत सांगतो. दंतकथेतील ‘दंत’ म्हणजे दात, दात तोंडात असतात, म्हणून तोंडोतोंडी चालत आलेली ती दंतकथा, असे बहुतेक जण सांगतात. मला हे कधीच पटलेले नाही. तोंड, जीभ, ओठ हे सारे सोडून बोलण्याचे श्रेय दातांना का द्यावे? दंतकथा सर्वांत रंगवून सांगते ती आजी, आणि तिच्या तोंडात तर एकही दात नसतो. ही मुळातली ‘वदंतकथा’ असावी आणि बोलण्याच्या ओघात तिचा आरंभीचा ‘व’ गळाला असावा, असा माझा तर्क आहे. संस्कृतचे एक प्राध्यापक मित्र यावर हसतात आणि ‘वदंतकथा’ पोथीत दाखवा म्हणतात. त्यांना मी आपल्याच गावाचे नाव दाखवितो. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, असे येथे प्रत्येक जण सांगतो. परंतु कलचुरी राजांच्या काळातील शिलालेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे आहे. ‘सोन्नल’मधला ‘न’ जिभेवरून निसटला आणि उरलेल्या ‘सोल’मध्ये लोकांना सोळा दिसले. त्याचप्रमाणे ‘व’ निसटला आणि लोकांना दात दिसले. प्राध्यापकांना हा पुरावा वाटत नाही, न वाटो.

तोंडावरून शब्द घडल्याचे खरे उदाहरण हवे असेल तर ‘अफवा’ पाहावी. अरबीत ‘फम’ म्हणजे तोंड आणि ‘अफ्वाह’ हे त्याचे अनेकवचन. ‘एक अफवा पसरली’ असे आपण म्हणतो तेव्हा मुळाशी ‘एक तोंडे पसरली’ असे म्हणत असतो. याहून गोड व्याकरणदोष मला माहीत नाही!

ऑपेराच्या जगात या शब्दांची परीक्षा चांगली होते. व्हेर्दीचा ‘आइदा’ हा सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी रचला गेला, हे सहज पटते. परंतु कालवा 1869 मध्ये खुला झाला आणि ‘आइदा’चा पहिला प्रयोग कैरोत 24 डिसेंबर 1871 रोजी झाला. ही वदंता. उलट जर्मनीतील बायरॉइट येथे 2010 मध्ये दिग्दर्शक हान्स नॉयेनफेल्स यांनी वागनरच्या ‘लोएन्ग्रिन’मधील समूहगायकांना चक्क प्रयोगशाळेतील उंदीर करून उभे केले. यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, तरी ती दंतकथा नव्हे, कारण ते घडले आहे.

ट्रँपोलिनच्या गोष्टीत मात्र दर वेळी गायिका बदलते आणि गावही बदलते. तिला वदंता म्हणावे. ‘शहरी’ हे विशेषण लावू नये. सुताच्या भावाची ती कंडी गाळ्यावरून निघून संध्याकाळपर्यंत अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यांत पोहोचली होती.