चिनी कारखान्यांची उत्पादकता एवढी वाढली, ती कामगार जास्त राबतात म्हणून का?

राबतात हे खरं, पण त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. बारा तास राबून दीडपट माल काढला तर तो नुसता ओव्हरटाइम झाला. तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच यंत्रांवर जास्त माल निघाला तर उत्पादकता वाढली म्हणायचं. मी भोसरीत मोल्डच्या, म्हणजे साच्यांच्या धंद्यात आहे, चीनहून माल मागवतो, त्यामुळे ‘चिनी माणूस कष्टाळू’ हे रोज ऐकतो. पण कष्टाळू तर तो 1984 सालीही होता!

तेव्हा चीनच्या छिंगदाओ शहरातला एक फ्रिजचा कारखाना कर्जात बुडालेला होता. चँग रुईमिन तिथे प्रमुख म्हणून आले. त्यांनी सुरुवातीला जे तेरा नियम केले, त्यात ‘कामाच्या शेडमध्ये लघवी करू नये’ हाही एक होता. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाची तक्रार आली म्हणून गोदाम तपासलं, तर 76 फ्रिज खोट असलेले निघाले. किरकोळ खोट आहे, कामगारांनाच स्वस्तात देऊन टाकू, असा सूर निघाला. चँगनी ज्यांनी ते बनवले त्यांच्याच हातात घण दिला आणि सगळे फोडायला लावले. तोच कारखाना म्हणजे आजची हायर, आपल्या रांजणगावातही जिचा प्लांट आहे.

किस्सा झकास आहे, म्हणून सगळे तोच सांगतात. आकडे मात्र वेगळं बोलतात. अर्थतज्ज्ञ लोरेन ब्रँड्ट आणि सहकाऱ्यांनी 1998 ते 2007 या काळातल्या चिनी कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. उत्पादकतेतली दोन तृतीयांशांहून जास्त वाढ नवे कारखाने उघडल्यामुळे आणि निकामी बंद पडल्यामुळे झालेली दिसली. जुने टिकले आणि सुधारले, त्यांचा वाटा त्यामानाने लहान.

हे बंद पडणं आपोआप झालं नाही. 1997 पासून ‘मोठे धरा, लहान सोडा’ (मोठ्या सरकारी कंपन्या ठेवा, लहान विका किंवा बंद करा) हे धोरण जोरात राबवलं गेलं, झू रोंगजी पंतप्रधान झाले आणि काही वर्षांत अडीच कोटींहून जास्त सरकारी कामगार घरी बसले. ईशान्य चीनमधल्या शेनयांग शहराचा तिएशी भाग म्हणजे अवजड कारखान्यांचं माहेरघर, तिथे तर हाहाकार उडाला. कष्टाचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत. दुसरीकडे आयात शुल्क उतरत गेलं, 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. चांगले सुटे भाग स्वस्त झाले आणि बाहेरच्या मालाशी गाठही पडली.

नवा माणूस धंद्यात उतरतो कसा, हे आमच्या लाइनमध्ये स्पष्ट दिसतं. दक्षिण चीनमधल्या डोंगग्वान शहराचा छोटा मोल्डवाला सगळं स्वतः करत बसत नाही. मोल्ड बेस (साच्याचा सांगाडा) तयार विकत घेतो, हीट ट्रीटमेंट (तापवून पोलाद कडक करणं) एकाकडे, वायरकट (विजेच्या तारेने धातू कापणं) दुसऱ्याकडे, पॉलिशिंग तिसऱ्याकडे, आणि हे सगळे टेम्पोच्या एका फेरीत. स्वतःच्या दोन मशीन असल्या तरी भागतं.

2008 च्या मंदीनंतर सरकारने 4 लाख कोटी युआनचं पॅकेज काढलं, कर्जाचा ओघ पुन्हा सरकारी कंपन्यांकडे वळला आणि उत्पादकतेची वाढ मंदावली. 2023 मध्ये जगात बसवलेल्या औद्योगिक रोबोंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बसले, तरी ती जुनी गती काही परतलेली नाही.

आता आपलं. शिए आणि क्लेनॉव्ह या अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये हिशोब मांडला होता, की भांडवल आणि कामगार अमेरिकेत जातात तितक्या प्रमाणात योग्य कारखान्यांकडे गेले तर चीनची उत्पादकता 30 ते 50 टक्क्यांनी वाढेल. भारताची 40 ते 60.